ऊस वाढला, ताट आटले



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातले पाचट आणि नांग्या भरणे याबद्दल लिहितो. आज जेवणाबद्दल लिहिणार आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने जेवणात का नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. कारण घरचेच आहे.

गेल्या गळीत हंगामाआधी साइटवर आम्हा कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी झाली. बॉयलर पेटायच्या गडबडीत मी बळेच जाऊन रक्त दिले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावले. उपाशीपोटी साखर १६८. डॉक्टर गंमतीने म्हणाले, "साहेब, कारखान्याचा उतारा वाढला की पेढे वाटता, आता तुमच्याच रक्ताचा उतारा वाढलाय." मी हसलो, पण घरी येईपर्यंत हसू मावळले होते. मी आणि आपला जालना जिल्हा एकाच वर्षातले, १९८१ चे. जिल्हा १ मे रोजी झाला, मी त्यानंतर तीन महिन्यांनी. म्हणजे वय काही म्हातारपणाचे नाही.

डॉक्टरांनी विचारले, काय खाता? मी म्हटले, साधंच. घरचं. पण आमची सवय मोजायची. किती सरी, किती डोळे, एकरी किती टन. म्हणून आठ दिवस वहीत सगळे लिहून काढले. दिवसाकाठी आठ-दहा सभासदांच्या वस्तीवर जाणे होते, प्रत्येक ठिकाणी चहा. नको म्हटले तर माणूस दुखावतो. "का साहेब, आमच्या घरचा चालत नाही का?" म्हणून घ्यावाच लागतो. बरे, साखर कारखान्याचा माणूस आला म्हणून घरातली बाई चमचाभर साखर जास्तच टाकते. दहा कप धरा, कपाला दोन चमचे धरा. दिवसाला ८० ते १०० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, महिन्याला अडीच-तीन किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात माणशी दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगितले आहे. मी चौपटीवर होतो.

हा काही माझ्या एकट्याचा हिशेब नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींवर मधुमेही, आणि आणखी १३ कोटींवर माणसे उंबरठ्यावर उभी. हा रोग पूर्वी शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचा म्हणत. आता पाळी धरून रात्रीचे पाणी देणाऱ्यालाही तो सोडत नाही.

हे मी एका माळकरी सभासदांना सांगत होतो. ते म्हणाले, "साहेब, म्या तीस वर्सं झालं मटणाला शिवलो नाही, अंडंसुद्धा नाही, तरी मला साखर कशी निघाली?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना विचारले, बापू, एकादशीला काय खाता? साबुदाणा, भगर, बटाटा, वर शेंगदाण्याचा लाडू. आणि एरवी? दोन वेळा पोळी, भात, बटाट्याची भाजी, संध्याकाळी फरसाण. यात मांस कुठेच नाही, पण पालाही नाही आणि डाळही नावालाच. साखर शाकाहारीच आहे की! मैदा शाकाहारी, वनस्पती तूप शाकाहारी, भजी शाकाहारी. तेव्हा मटण सोडले म्हणजे तब्येत आपोआप सुधारली, असे होत नाही. ताटात काय नाही हे जेवढे बघायचे, तेवढेच काय आहे हेही बघायला पाहिजे.

माझे गाव जाफराबाद तालुक्यातले, कोरडवाहू. लहानपणचे ताट मला स्वच्छ आठवते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, नाहीतर पिठले. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी, तेल घाण्याचे, करडईचे. पावसाळ्यात आई बांधावरून पाथरी, चिघळ, तांदुळजा ओच्यात घालून आणायची. थंडीत हुरडा, सोलाण्याची आमटी, ओल्या तुरीच्या शेंगा. कोंबडी कापायची ती पाहुणा आला तर. बकरे पडायचे ते जत्रेला, नाहीतर आखाडात. मग श्रावण लागला की चूल धुऊन पुसून महिनाभर बंद. माळ न घालताही आमचे घर वर्षातले साडेतीनशे दिवस शाकाहारीच होते, आणि याला कोणी 'आहारपद्धती' म्हणत नव्हते.

पण त्या दिवसांची आरती ओवाळायला मी बसलो नाही. ते ताट चांगले होते, मात्र भरलेले नसायचे. माझ्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात कामावरची सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाल्ली आहे. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, कोरड्यास उरले तर उरले. जुने ताट सकस पण उणे, आताचे भरलेले पण नि:सत्त्व, असे काहीसे झाले आहे.

हे असे का झाले, याचा जाब मला माझ्यापासून घ्यावा लागेल. १९७६ साली जायकवाडी धरण झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारात आले. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने आले. त्याने घरे बांधली, पोरे शिकली, हे कोणी नाकारू शकत नाही. माझा स्वत:चा पगार त्याच उसावर आहे. पण ऊस एकदा रानात शिरला की चौदा-सोळा महिने हलत नाही. मग खोडवा, पुन्हा खोडवा. तीन-चार वर्षे त्या रानात दुसरे काही पडत नाही. रब्बी ज्वारी गेली, तिच्यातली करडईची पट्टी गेली. करडई गेली तसे घाण्याचे तेल गेले आणि पाकिटातले पामतेल आले. तूर बाजारातून किलो-अर्धा किलोने येऊ लागली. भाव चढला की वरण पातळ. तणनाशकाने लव्हाळा पुरता मेला नाहीच, पण पाथरी आणि चिघळ मात्र बांधावरूनही गेली.

आणि हे करा म्हणून सांगणारा मीच. नोकरीत नवा असताना, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एका सभासदाच्या रानात कडेने तुरीची ओळ होती. मी वहीवर लिहून दिले, तूर काढा, कडेच्या उसावर सावली पडते, टनेज घटते. सभासदाची आई बांधावर बसलेली होती. म्हणाली, "काढतो बाबा. ऊस समदा तुमच्या कारखान्याला घालतो. पण वरणात काय टिपरू शिजवू?" मी हसून गाडीला किक मारली. सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, सावली पडतेच. पण त्या म्हातारीचा हिशेब माझ्यापेक्षा पुढचा होता, हे कळायला मला १६८ चा आकडा यावा लागला.

आता हिशेबच करायचा तर पुरा करू. पोषण संस्थेने धरलेल्या प्रमाणाप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला धान्य साधारण २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर लागते. बघा, धान्यापेक्षा भाजी जास्त! आपल्याकडे उलटे आहे. तीन भाकरी किंवा पाच पोळ्या, भाताचा डोंगर, आणि भाजी लोणच्यासारखी कडेला. पाच माणसांच्या घराला वर्षाला दीड क्विंटल डाळ पाहिजे. डाळ करताना घट येते, म्हणजे तूर, मूग, हरभरा मिळून सव्वादोन क्विंटल. कोरडवाहू एकरी चारच क्विंटल धरले, तरी वीस-बावीस गुंठ्यांत घराची वर्षाची डाळ निघते. पाच एकर उसाच्या धन्याला अर्धा एकर जड नाही.

तुरीसाठी आपल्याला लांब जायला नको. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या तुरीच्या वाणांवर सगळा मराठवाडा तूर पेरतो. पांढरी, लवकर येणारी पाहिजे तर बीडीएन ७११, लाल पाहिजे तर बीएसएमआर ७३६, अलीकडचा गोदावरी वाणही आहे. खायच्या ज्वारीसाठी रब्बीत मालदांडी किंवा परभणी मोती. खरिपात परभणी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' हा २०१८ साली आलेला वाण आहे, त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त आहे. लोहाचा मुद्दा हलका नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. पालेभाजीतले, डाळीतले लोह अंगी लागायला जोडीला आंबट लागते. भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर मोसंबी खा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ती मुंबईला जाते आणि आपण जेवल्याबरोबर चहा पितो. चहाने लोह अंगी लागत नाही, तास-दीड तास तरी जाऊ द्यावा.

भाजीचे म्हणाल तर ती उसातच घ्या. हा माझा विषय आहे, म्हणून जरा तपशिलाने सांगतो. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण आंतरपिकाला सर्वांत चांगली. जोडओळ पट्टा ठेवा, अडीच-पाच किंवा तीन-सहा फूट. मधल्या मोकळ्या पट्ट्यात मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, मुळा, कांदा, हरभरा काहीही येते. मेथी महिन्यात निघते. हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडून भाजी करा, पुढे सोलाणा खा, उरलेले घाटे वाळवून डाळ करा. ऊस तीन-साडेतीन महिने सावकाश वाढतो, तोवर त्या जागेवर ऊन आणि ओल फुकटच जात असते. सुरू उसात भुईमूग, मूग, चवळी घ्यावी. उंच जाणारे आणि खत ओढणारे, मक्यासारखे पीक मात्र उसात नको. आंतरपिकाला त्याचे खत वेगळे द्या, उसाच्या ताटातले काढून देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचे, ज्या दोन-तीन गुंठ्यांत माळवे करायचे तिथे तणनाशकाचा पंप नेऊ नका. रुंद पानाच्या तणाला मारणारे औषध मेथीला आणि तुरीला ओळखत नाही. तेवढा तुकडा खुरपा. खुरपताना पाथरी, तांदुळजा सापडला तर तो तण म्हणून बांधावर फेकू नका, घरी न्या.

आणि त्या कडेच्या तुरीचे काय? आता मी सांगतो, उसाच्या उत्तरेच्या बांधावर एक ओळ लावा. सावली पलीकडे पडेल, फक्त शेजाऱ्याला विचारून घ्या!

आता मटणाचा विषय, ज्याची सगळे वाट बघत असतील. उसाचे बिल जमा झाले की फाट्यावरच्या ढाब्यांवर त्या रात्री बसायला जागा मिळत नाही, हे आपण सारे जाणतो. (मीही तिथे दिसलो आहे, तेव्हा कोणी नाव घेऊ नये.) पूर्वी बकरे जत्रेला होते, आता ब्रॉयलर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. वर तर्री, सोबत बाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली मटणासारखे लाल मांस 'बहुधा कर्करोगाला कारण' या वर्गात टाकले, तेही जास्त खाण्याच्या संदर्भात. माझे म्हणणे असे नाही की उद्या सगळ्यांनी तुळशीची माळ घालावी. जे घालतात त्यांचा मी आदर करतो. पण दोन महिने अगदी कडक राहायचे आणि लग्नसराईत सगळे वसूल करायचे, असे मी पुष्कळ पाहिले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळ जेवणाची पद्धत आपल्या मराठवाड्यातून गावोगाव गेली. ज्यांना ती पेलली त्यांना मानवली, आमच्या कार्यालयातल्या निम्म्यांनी पहिल्या हुरड्यालाच मोडली. म्हणून मी स्वत:पुरते सोपे ठरवले. मटण महिन्यातून दोनदा, घरी केलेले, आणि त्या दिवशीही ताटात पालेभाजी पाहिजेच. बाकी दिवस रानातले. ज्याला अंडे चालते त्याने खावे. नुसते झाडापाल्यावर राहिले तर बी-बारा जीवनसत्त्व मिळत नाही, ते दूध, दही, अंडी, मांसातच असते. साखरेवर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचे ते आणखी कमी होऊ शकते. डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे सगळे ज्यांच्या ताटात जास्त झाले त्यांच्यासाठी आहे. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या टोळीतली बाई पहाटे तीनला भाकरी थापून चटणीबरोबर बांधून घेते आणि दिवसभर मोळ्या वाहते. तिला 'अंडी-मटण कमी करा' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तिला, तिच्या लेकराला, अडलेल्या-नडलेल्या गरोदर बाईला अंडे, दूध, डाळ जास्तच मिळायला पाहिजे. उलट फडाजवळच्या आपल्या माळव्यातली एक जुडी टोळीला दिली, तर आपले काही बिघडत नाही.

घरचा अनुभव सांगतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की साहेब कागदावर बोलतात. मी मोठ्या उत्साहाने घरी जाहीर केले, उद्यापासून रोज दोन भाज्या, ज्वारीची भाकरी. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "निवडणार कोण?" मी गप्प. मेथीची एक जुडी निवडायला अर्धा तास जातो, तांदुळजाला त्याहून जास्त. पाच माणसांच्या भाकरी चुलीपुढे बसून थापायच्या, पीठ जुने असले तर भाकरी चिरते. पोळी त्या मानाने सोपी, बटाटा त्याहून सोपा. ताट बिघडले त्यात बाईच्या कष्टाचाही भाग आहे आणि सुधारायचे तर ते पुन्हा तिच्याच अंगावर पडणार असेल, तर चार दिवसांत बंद पडेल. आता रात्री बातम्या लागल्या की भाजीची टोपली माझ्यापुढे येते. पहिल्या दिवशी मी देठासकट पाने फेकली. आता बरे जमते. भाकरी मात्र अजून जमत नाही, नकाशा होतो.

सात महिने झाले. वजन सहा किलो उतरले, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ वरून ६.८ वर आली. गोळी चालूच आहे, आणि डॉक्टरांना न विचारता कोणीही गोळी बंद करू नये. मधे भाच्याच्या लग्नात जिलबीने दगा दिला, तेही कबूल करतो.

राहिला तो प्रश्न जो मला वस्तीवर हमखास येतो, "साहेब, समद्यांनी साखर कमी खाल्ली तर कारखाना कसा चालायचा?" प्रश्न योग्य आहे, आपण सगळे भागधारक आहोत. पण उसाचे मोल आता नुसत्या साखरेच्या पोत्यावर राहिलेले नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, त्यातले काही इथेनॉल उसाच्या रसातून आणि मळीतून येते. बगॅसपासून वीज होते. आपण चहात एक चमचा कमी घातला म्हणून मोळी परत येणार नाही. सवलतीची साखर जरूर उचला, ती आपल्या हक्काची आहे. तेच पोते दिवाळीपासून होळीऐवजी पुढच्या दिवाळीपर्यंत पुरले, एवढाच फरक.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी सुरू होत आहेत. ज्यांना पट्ट्यात आंतरपीक घ्यायचे आहे त्यांनी नोंद देतानाच गटकार्यालयात तसे सांगावे, म्हणजे सरी सोडण्याआधी मी किंवा आपले शेतकी मदतनीस रानावर येऊन अंतर आखून देऊ. कांद्याचे रोप आणि हरभऱ्याचे बी आपापले आणावे. येईन तेव्हा चहा जरूर ठेवा, पण बिनसाखरेचा. आणि त्या म्हातारीच्या लेकाने, तो हे वाचत असेल तर, तुरीची ओळ पुन्हा धरली का ते कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी